पिवळ्या कण्हेरीचे अकरा दिवस

किल्ली ओतिलियाच्या पर्समध्ये होती आणि तिच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, म्हणून फिदेन्सिओनं तिच्या खांद्याला लटकलेल्या पर्समध्ये हात घातला. किल्लीच्या आधी बोटांना एक बाटली लागली. करंगळीएवढी, काचेची, रबरी बुचाची. ती त्यानं बाहेर काढली नाही, काढायची गरजच नव्हती. असल्याच सात बाटल्या गेले तीन आठवडे सरकारी प्रयोगशाळेत तपासणीसाठी त्याच्या टेबलावर होत्या. आतले पांढुरके तुकडे काचेवर कसे वाजतात ते त्याच्या बोटांना पाठ झालं होतं. बोटांनी ओळखलं, मग मनगटानं, आणि डोक्यापर्यंत ती ओळख पोचेस्तोवर ओतिलिया म्हणाली, "अरे, सापडली का? हात तुटायला आलेत माझे." तो म्हणाला, "सापडली." आणि त्यानं दार उघडलं.

त्याच दुपारी, म्हणजे मंगळवारी, त्यानं त्या सात बाटल्यांचा निकाल वहीत लिहिला होता. बाटलीवर छापलं होतं, तेहोकोतेची मुळी, रोज एक तुकडा, महिन्यात सहा किलो कमी. तेहोकोते म्हणजे नाताळच्या सरबतात घालायचं बोराएवढं आंबटगोड फळ. त्याच्या मुळीनं कुणी बारीक होत नाही आणि कुणी मरतही नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला तुकडा मुळीचा नव्हताच, तो तेलकट होता, बीचा होता. पिवळ्या कण्हेरीची बी. मोरेलोसकडच्या खेड्यांत ती झाडं कुंपणाला लावतात, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून. काचेच्या पट्टीवर अर्क चढवला तेव्हा ठिपके नेमके जिथं यायला नकोत तिथं आले. त्या बीतलं विष हृदयाची गती आधी मंद करतं, मग चुकवतं, मग थांबवतं. फक्त उंदरांवरची चाचणी पुरी व्हायची होती, आणि तीही नियमापुरती. नोएमी, त्याची मदतनीस, म्हणाली होती, "सर, तातडीचं पत्र आजच पाठवायचं ना? बाजारातली दुकानं तरी बंद होतील." तातडीच्या पत्रावर सही करायचा अधिकार त्याचा होता. पत्र टाइप झालं होतं. "उद्या सकाळी करतो सही," असं म्हणून तो उठला होता, कारण ओतिलिया बाजाराच्या कोपऱ्यावर वाट पाहत होती.

संध्याकाळी तिला सांगायचंच, म्हणून तो स्वैपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. ओतिलिया फोनवर होती. मान वाकडी करून फोन खांद्यात धरलेला, हातानं निवडुंगाच्या पानांचे काटे काढणं चाललेलं. पलीकडं तिची बहीण चायो असणार, कारण तिच्याशीच ती असं पोट धरून हसायची. "छे गं, त्याला कशाला सांगू? तो म्हणेल आधी उंदरांना चाटवू, मग तीन वर्षांनी सांगू! वीस वर्षं उंदरांना चाटवतोय, एक सर्दीचं औषध निघालं नाही त्याच्या हातून. माझा उंदीरवाला!" आणि ते हसू, ज्या हसण्यावर भाळून त्यानं तिच्याशी लग्न केलं होतं आणि ज्यात आपल्याला कधीच जागा मिळाली नाही असं त्याला पहिल्या वर्षापासून वाटत आलं होतं. तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं. जेवताना सांगू. जेवताना तिनं एकच पोळी घेतली, मक्याची, आणि अर्धी त्याच्या ताटात टाकून म्हणाली, "पाहिलंस? भूकच लागत नाही." तिचा चेहरा उजळला होता. तो म्हणाला, "चांगलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलाशी बसला आणि पत्र समोर ओढलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सही केली तर दुपारपर्यंत रेडिओवर बातमी येणार, आणि ओतिलियाचा रेडिओ दिवसभर चालू असतो. तिला बातमी रेडिओवरून कळणार. मग ती विचारणार, तुला कधी कळलं? काल. मग काल का नाही बोललास? एका रात्रीचं कारण त्याच्याजवळ नव्हतं. म्हणजे कारण होतं, पण ते तोंडानं सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यानं पत्र खणात ठेवलं. नोएमीला म्हणाला, "उंदरांचं होऊ दे. अर्धवट निकाल बाहेर गेला तर व्यापारी आपल्यालाच कोर्टात खेचतील." हे खोटं नव्हतं. त्याच्या धंद्यात घाईला जागाच नव्हती. किती वैदू, किती कारखानदार, किती मंत्र्यांचे मेहुणे त्याच्या टेबलासमोर हात चोळत उभे राहिले होते, आणि सगळ्यांना त्यानं हेच सांगितलं होतं. नोएमीनं खणाकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

पाचव्या दिवसापर्यंत त्याची खात्री होती की आपण फक्त योग्य वेळ शोधतो आहोत. रविवारी दुपारी ओतिलिया पलंगावर कलंडली होती आणि तो शेजारी बसून तिचा हात हातात घेऊन होता. अंगठा मनगटावर होता, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. छपन्न. निरोगी बाईची असू शकते छपन्न. सोमवारी त्रेपन्न. तिला सकाळी ओकारी झाली होती, आणि ती म्हणाली होती, "चरबी सुटतेय ती अशीच बाहेर पडते म्हणे." खिडकीजवळ बसून ती म्हणाली, "फिदे, ही भिंत पिवळी का दिसते रे आज?" भिंत पांढरी होती. हे लक्षण पुस्तकात होतं. उंदीर ते सांगू शकत नाही, माणूस सांगतो, आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला तो भीतीचा होता असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. पण भीतीच्या आत आणखी काहीतरी होतं. वीस वर्षं जे त्यानं पुस्तकांत इतरांच्या शब्दांत वाचलं होतं ते आज त्याच्या समोर बसून त्याच्याशी बोलत होतं, निवडुंगाची भाजी रांधत होतं, आणि ओतिलियाला काहीच ठाऊक नव्हतं. फक्त फिदेन्सिओला ठाऊक होतं. ह्या घरात पहिल्यांदाच काहीतरी असं होतं जे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

तो आठ वर्षांचा असताना कुआउत्लामध्ये त्याच्या बापानं कुत्री मारली होती. गल्लीत कुत्री फार झाली होती, नगरपालिकेनं बापाला सांगितलं, कारण बाप औषधाच्या दुकानात पुड्या बांधायचा आणि त्याला असल्या गोष्टी कळतात अशी समजूत होती. बापानं ह्याच बिया वाटल्या आणि खाटकाकडच्या आतड्यांत भरून गल्लीत टाकल्या. पोराला म्हणाला, "बस इथं, आणि कोणतं किती वेळानं पडतं ते मोज. पुढं कामाला येईल." कुत्री आली. त्यांत शेजारच्या विधवेचं ठिपक्यांचं कुत्रंही होतं, जे रोज शाळेपर्यंत त्याच्या मागं यायचं. ते त्याच्याकडं पाहून शेपूट हलवीत थांबलं. हाक मारली असती तर ते आलं असतं. त्यानं हाक मारली नाही, कारण बाप बघत होता, आणि कारण हाक मारली तर मोजण्यात चूक झाली असती. चाळीस मिनिटं. बापानं डोक्यावरून हात फिरवला. बापानं डोक्यावरून हात फिरवल्याची ती एकच आठवण त्याच्याजवळ होती.

ओतिलियाला जाडे म्हणायला त्यानंच सुरुवात केली होती. तसं तिथं सगळेच म्हणतात, नवरे बायकांना, आया पोरांना, लाडानं. पण लाड आणि टोमणा ह्यांत आवाजाच्या एका पट्टीचाच फरक असतो, आणि ती पट्टी त्याला नेमकी साधायची. चार माणसांत तो म्हणायचा, "आमच्या जाडीला दोन खुर्च्या द्या." ती सगळ्यांत मोठ्यानं हसायची. तिचं अंग सुटलं ते सहा वर्षं घेतलेल्या इंजेक्शनांनी, मूल व्हावं म्हणून घेतलेल्या. त्या इंजेक्शनांचा असा परिणाम होतो हे त्याला तेव्हाही वाचून माहीत होतं. त्यानं डॉक्टरांच्या कागदावर सही केली होती आणि तिला सांगितलं होतं, काही होत नाही. मूल झालं नाही. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. ती त्याला उंदीरवाला म्हणायला लागली ती त्यानंतर. आता ह्या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं त्यानं सातव्या दिवशी प्रयोगशाळेच्या संडासात तोंड धुताना आरशाला विचारलं. काही संबंध नव्हता. तो फक्त उशीर करत होता. आणि उशीर ही गोष्ट अशी की पहिल्या दिवशी ती एका वाक्यात निस्तरता आली असती, तिसऱ्या दिवशी भांडणानं, आणि सातव्या दिवशी तिला निस्तरायला शब्दच उरला नव्हता. सातव्या दिवशी सांगणं म्हणजे सहा दिवसांचं सांगणं.

बुधवारी त्यानं एक गोष्ट केली, ती त्याच्या बाजूनं सांगायला हवी. ओतिलिया न्हाणीत असताना त्यानं पर्स उघडली, बाटली घेतली आणि कचऱ्याच्या डब्याशी गेला. मग थांबला. बाटली गेली तर ती दुसरी आणील, आणि चायोला विचारील, आणि घरात शोधाशोध होईल. त्यानं तुकडे मोजले. अकरा उरले होते. त्यांतले सात काढून टाकले, चार ठेवले, आणि बाटली परत जागेवर ठेवली. दोन दिवस त्याला फार हलकं वाटलं. शुक्रवारी ओतिलिया चिडून म्हणाली, "लबाड मेली! तीस म्हणून देतात आणि भरतात वीस." आणि नवी बाटली आणली.

शनिवारी चायोच्या पोरीचा पंधरावा वाढदिवस होता, चर्चमध्ये प्रार्थना आणि मग मंडपात नाच. ओतिलियानं हिरवा झगा घातला होता, गेल्या दहा वर्षांत तिच्या अंगाला न आलेला. बायका तिला गरागरा फिरवून बघत होत्या. चायोनं भावजींच्या ताटात मोले, मिरच्यांचा दाट काळसर रस्सा, वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो भावजी, माझ्या बहिणीला काय चारलंत? का उंदरांवर चाललं नाही ते हिच्यावर चाललं?" मंडप हसला. तोही हसला. ओतिलिया म्हणाली, "ह्याला विचारू नका, ह्याला काही माहीत नाही. पण खरं सांगू चायो, ह्या आठवड्यात हा माझ्याशी असा वागतोय ना, जसं लग्नाआधी." आणि ती लाजली. पन्नाशीची बाई. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते आणि ओठांचा रंग त्याला आवडला नाही. आता सांगावं. ह्या क्षणी उठून तिचा हात धरून बाहेर न्यावं. बँड सुरू झाला. वाढदिवसाच्या पोरीनं बापाबरोबर पहिला वॉल्ट्झ केला, मग मावशीला ओढलं. ओतिलिया पाच-सहा गिरक्या घेऊन, जणू कुणीतरी मागून हाक मारली अशी, मान वळवून थांबली आणि खाली बसली. बसली, मग आडवी झाली. पोरं हसली, त्यांना वाटलं मावशी गंमत करते.

इस्पितळात तरुण डॉक्टर होता, त्याच्या दाढीचे कोंब सुद्धा पुरते फुटलेले नव्हते. यंत्रावर ओतिलियाचं हृदय टिक करायचं आणि मग विसरायचं. डॉक्टरनं विचारलं, "काही औषध चालू होतं? रक्तदाबाचं, हृदयाचं?" चायो रडत म्हणाली, "काही नाही हो, धट्टीकट्टी होती." डॉक्टरनं त्याच्याकडं पाहिलं. "तुम्ही नवरा ना? काही खाल्लंय का त्यांनी? आठवा." फिदेन्सिओनं आठवल्यासारखा चेहरा केला. त्याला पूर्ण वाक्य तयार दिसत होतं, पिवळी कण्हेर, हृदयावरचं विष, उतारा हा, मात्रा ही. आणि त्या वाक्याच्या मागं उभे असलेले अकरा दिवसही दिसत होते. "वांती होत होती," तो म्हणाला. यंत्र टिक म्हणालं. मग नाही म्हणालं. मग टिक. तो मोजत होता. नऊ वेळा टिक झाल्यावर त्यानं सांगितलं, सगळं, एका दमात, आणि हेही की उतारा इथं नसणार, कुठल्या इस्पितळातून मागवावा लागेल आणि कुणाला फोन करायचा. डॉक्टर फोनकडं धावला. चायोनं त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "भावजी! देव आहात हो तुम्ही!"

ओतिलिया वाचली. तिसऱ्या दिवशी तिला उशीला टेकवून बसवलं. तरुण डॉक्टर रोज येऊन तेच सांगायचा की बाई, तुमचा नवरा प्रयोगशाळेत हेच तपासतो म्हणून तुम्ही आहात, दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. ती मान हलवायची. चायो चहा आणायला गेल्यावर खोलीत दोघंच उरले. ऊन चादरीवर पडलं होतं. त्यानं सवयीनं तिचा हात हातात घेतला आणि त्याचा अंगठा मनगटावर गेला. तिनं त्या अंगठ्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली, जिकडं त्याची गेली होती, आणि तिथून परत त्याच्या तोंडावर आली.

"तू नाडी मोजत होतास," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "मला वाटलं, हात धरलायस."

तिनं हात सोडवून चादरीखाली घेतला. ओरडली नाही, कुणाला काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. इस्पितळातून ती विश्रांतीला म्हणून चायोकडं गेली आणि तिथंच राहिली. चायो फोनवर म्हणायची, "भावजी, अजून थकवा आहे हो तिला, येईल." ओतिलियानं सांगितलं असतं तर निदान दुसऱ्या कुणाला ठाऊक झालं असतं. आता ते फक्त दोघांत होतं, मूल नसणं जसं दोघांत होतं तसं.

तातडीचं पत्र सोमवारी गेलं. त्यानं त्यावरची जुनी मंगळवारची तारीख बदलून घेतली, नोएमीनं ते पुन्हा टाइप केलं आणि त्या महिन्याअखेर दुसऱ्या विभागात बदली मागितली. रेडिओवर बातमी आली, दुकानांवर धाडी पडल्या, पोत्यांनी बिया जप्त झाल्या. वरिष्ठ, डॉक्टर बाराहास, ग्वादालाहाराच्या परिषदेहून परतले ते थेट त्याच्या टेबलाशी आले आणि त्यांनी त्याचा हात हलवला. "पाच आठवड्यांत पक्का निकाल, ओल्वेरा. ह्याला म्हणतात शिस्त. शिवाय बायको वाचवलीत. वर्तमानपत्रवाले विचारत होते तुमच्याबद्दल."

पंधरवड्यानं एक माणूस आला. दारातल्या रखवालदारानं त्याला वर पाठवलं होतं. साठीचा, गवंडीकाम करणारा, नखांत सिमेंट. इस्तापालापाहून दोन बस बदलून आलो म्हणाला, नाव एलिहिओ. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि गाठ सोडली. आत तसलीच बाटली होती, अर्धी भरलेली.

"सरकारी वकील म्हणाले, उरलेली इथं जमा करायची. ही धाकटीची आहे, केमिस्टसाहेब. थोरलीची पोलिसांनी नेली." तो टोपी हातात फिरवीत होता. "थोरली माझी, मारिसेला. सव्वीस वर्षांची. तिनं सोमवारी घेतली बाटली. गुण लवकर यावा म्हणून तीन-तीन तुकडे घेत होती म्हणे. गुरुवारी गेली."

"कोणता सोमवार?" फिदेन्सिओनं विचारलं. विचारायचं काहीच कारण नव्हतं.

म्हाताऱ्यानं तारीख सांगितली. ती टाइप झालेलं पत्र खणात गेल्यावरचा पाचवा दिवस होता. सही झाली असती तर दुकानं तेव्हा बंद असती. फिदेन्सिओनं पावतीचं पुस्तक ओढलं आणि लिहायला लागला, बाटली एक, काचेची.

"बहीण गेल्यावरही धाकटी लपवून घेतच होती. आम्हाला काय माहीत कशानं गेली ते. मग सोमवारी रेडिओवर तुमचं ऐकलं आणि तिनं स्वतःच आणून दिली. तुमच्यामुळं एक तरी वाचली. हे सांगायला आलो, नाहीतर बाटली काय, टपालानंही आली असती." तो थांबला. बाजूच्या खोलीतून उंदरांचा खसपस आवाज येत होता, त्यानं तिकडं पाहिलं आणि परत टोपीकडं. "तुम्ही शिकलेले आहात. एक विचारू? एकसष्ट किलो म्हणजे बाईमाणूस जाड का हो?"

"उंची किती?"

"माझ्या कानापर्यंत यायची."

"मग नाही. जाड नाही."

"नाही ना," म्हातारा म्हणाला. तो हे ऐकायलाच दोन बस बदलून आला होता हे आता दिसलं. "मी तिला जाडे म्हणायचो. लहानपणापासून. लाडानंच हो, आपल्यात म्हणतात तसं. कामावरून आलो की, काय गं जाडे, बापाला पाणी देतेस का. ती हसायची. आता बायको म्हणते, तूच मारलीस पोरीला, तुझ्या त्या एका शब्दानं. रोज म्हणते. जेवायला वाढताना म्हणते." त्यानं मान वर केली. "तुम्ही सांगा साहेब. तुम्ही ह्यातले जाणकार. माझ्यामुळं झालं का ते?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पेन पावतीवर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. उत्तर साधं होतं, दोन शब्दांचं, तुमच्यामुळं नाही, आणि पुढं आणखी चार शब्द, पत्र मी अडवलं होतं, जोडले असते तर म्हातारा तो भार इथंच टेबलावर टाकून मोकळा घरी गेला असता. फिदेन्सिओनं त्याच्याकडं पाहिलं. त्या वाकलेल्या खांद्यांकडं पाहताना त्याच्या छातीत कित्येक दिवसांनी काहीतरी सैल झालं, श्वास खोल गेला, आणि त्याला स्वच्छ कळलं की हे दुःख नाही, ही सुटका आहे. कुणीतरी त्याचाही भार घ्यायला आलं होतं. स्वतःच्या पायांनी.

"असं कुणा एकामुळं होत नसतं," तो म्हणाला. अगदी हळुवारपणे म्हणाला. "पण पोरींच्या मनाला शब्द लागतात, हे खरं."

म्हाताऱ्यानं दोनदा मान हलवली. मग पावती घेतली, नीट चार घड्या करून वरच्या खिशात ठेवली, टोपी डोक्यावर घातली आणि जाताना दार आवाज न करता लावून घेतलं.